वजन घटवण्याचे सल्ले का बदलत गेले, आणि बेचाळिशीत कशाला धरून चालावं

प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, पुरुष, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८१ किलो, बैठं काम, शाकाहारी पण अंडी चालतात. पूर्वी तेल-तूप बंद करून पाहिलं, मग दर दोन तासांनी खाऊन पाहिलं. २०१८ मध्ये दोनच वेळा जेवायला सुरुवात केली, नऊ किलो उतरले आणि पुढच्या तीन वर्षांत अकरा परत आले. आता जिममधला ट्रेनर म्हणतो वजनं उचला, मेहुणा म्हणतो इंजेक्शन घ्या. "तुम्ही तज्ज्ञ लोक दर पाच वर्षांनी सल्ला बदलता. विश्वास ठेवायचा तरी कशावर?"

तुमचा राग रास्त आहे. पुण्यात आहार आणि व्यायाम दोन्ही शिकवायला लागून मला वीसेक वर्षं झाली. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारणारी बहुतेक माणसं आळशी नसतात. तुमच्यासारखीच ती तीन-चार पद्धती मनापासून करून आलेली असतात. म्हणून आधी सल्ले का बदलले ते सांगते आणि मग तुमच्याकडे वळते. मला जे सांगायचंय त्याचा गाभा मात्र आत्ताच सांगून टाकते. इतकी वर्षं सगळा वाद "काय सोडायचं" यावर झाला. वजन उतरताना शरीरातलं काय राखायचं, हा प्रश्न उशिरा आला. तुमच्या नऊ आणि अकरा किलोंचं कोडंही तिथेच सुटतं.

सुरुवात हिशोबापासून झाली. १९५८ साली मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी असं गणित मांडलं, म्हणजे किलोला साधारण ७,७००. त्यावरून रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल, हा नियम जगभर गेला. आपल्याकडे तो १,२०० कॅलरींच्या झेरॉक्स कागदावर आला. सकाळी साय काढलेलं दूध, दोन मारी बिस्किटं, दुपारी दोन कोरडे फुलके, काकडी, संध्याकाळी चुरमुरे. वय, उंची, काम काहीही असो, कागद तोच. पहिले दीड-दोन महिने वजन उतरायचं, मग थांबायचं, आणि दोष माणसाच्या इच्छाशक्तीला लागायचा.

हिशोब खोटा नव्हता, अर्धा होता. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. अमेरिकेतले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे गणित नीट मांडलं: रोजच्या खाण्यात २४ कॅलरींचा कायमचा बदल केला, तर वजनात शेवटी साधारण एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा वर्षभरात दिसतो आणि जवळपास पूर्ण दिसायला तीन वर्षं लागतात. हा आकडा मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला लिहून देते. दहा किलो उतरून तिथेच राहायचं असेल, तर रोजच्या २४० कॅलरी कायमच्या कमी व्हायला हव्यात. तीन महिने उपाशी राहून मग पूर्वीसारखं जेवायला लागलं की वजन पूर्वीसारखं होणारच.

पण तुमचं वजन नुसतं पूर्वीसारखं झालं नाही, दोन किलो जास्त झालं. याचं उत्तर अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञांच्या १९४४-४५च्या मिनेसोटातल्या प्रयोगात आहे. युद्धानंतर उपासमारीतून वाचलेल्यांना कसं खायला घालायचं हे समजून घेण्यासाठी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे दिवसाला साधारण १,५७० कॅलरींवर ठेवलं आणि भरपूर चालायला लावलं. त्यांचं वजन पाव हिश्श्याने घटलं. त्यांना थंडी वाजायची, हालचाल नकोशी व्हायची, दिवसभर डोक्यात जेवणाचेच विचार असायचे. पुढे पोटभर खायला मिळालं, तेव्हा चरबी आधी आणि भराभर परतली, स्नायू मागे राहिले. स्नायू भरून येईपर्यंत भूक शमत नव्हती, त्यामुळे चरबी मूळच्या पातळीच्याही वर गेली. तुमच्या बाबतीत हेच सौम्य प्रमाणात झालं असण्याची शक्यता मोठी आहे. गेलेल्या नऊ किलोंत स्नायू होता. आलेल्या अकरांत चरबीच जास्त आहे. काटा दोन किलोंचा फरक दाखवतो, शरीरातला फरक त्याहून मोठा आहे.

मधल्या काळात काय काय होऊन गेलं ते भराभर सांगते. १९७७ मध्ये अमेरिकन सिनेटच्या मॅकगव्हर्न समितीने स्निग्ध पदार्थ कमी करा असं सांगितलं आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं तोच सूर राहिला. आपल्या घरांतून वरणभातावरची तुपाची धार गेली. ग्रॅमला नऊ कॅलरी असलेली गोष्ट बेताने खा, हा सल्ला वाईट नव्हता. पण तुपाच्या जागी आली डायजेस्टिव्ह बिस्किटं, कॉर्नफ्लेक्स आणि डब्यातला ज्यूस. मग दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचे दिवस आले. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी भात, पोळी, तूप, स्थानिक फळं यांबद्दलची भीती घालवली. ते काम मला फार मोलाचं वाटतं, कारण खाण्याबद्दलची अपराधी भावना मी रोज पाहते. मात्र वारंवार खाल्ल्याने चयापचय वेगवान होतं, हा त्या काळातला समज टिकलेला नाही. एकूण खाणं तेवढंच असेल, तर ते तीन वेळांत विभागलं काय किंवा सहा, शरीराच्या खर्चात म्हणावा असा फरक पडत नाही.

त्यानंतर डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर उभी राहिलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत घराघरांत पोचली: कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. एकाच घरात सासूबाई दोन वेळा आणि सूनबाई दोन-दोन तासांनी खातायत, असं मी कितीदा पाहिलंय. ती पद्धत फुकट होती, सोपी होती आणि अनेकांची साखर तिने खाली आणली. तिचं श्रेय इन्सुलिनच्या मापांना दिलं जातं, म्हणजे दर वेळी खाल्लं की इन्सुलिनचं एक माप सुटतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करा, या कल्पनेला. माझं मत असं की मोठा वाटा सरळ आहे: सकाळचा चहा-खारी, चार वाजताची भजी, ऑफिसातला वाढदिवसाचा केक आणि टीव्हीसमोरचा फरसाण एका झटक्यात बंद होतो. खाण्याच्या वेळा आवळण्याचा थेट फायदा किती, हे चीनमधल्या १३९ जणांच्या वर्षभराच्या अभ्यासात २०२२ मध्ये तपासलं गेलं. दोन्ही गटांना सारख्याच कॅलरी दिल्या, एकाला फक्त आठ तासांच्या खिडकीत. त्यांचं सरासरी आठ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६.३. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. त्याआधी २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभर कमी फॅट विरुद्ध कमी कार्ब असा सामना लावला होता. ५.३ किलो विरुद्ध ६ किलो, म्हणजे जवळपास बरोबरी. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. दोन्ही गटांत काही जणांचं वजन वीस किलोंच्या वर उतरलं आणि काही जणांचं चक्क वाढलं. पद्धतींमधल्या फरकापेक्षा माणसामाणसांतला फरक कितीतरी मोठा होता.

व्यायामाचीही अशीच वाट झाली. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांनी एरोबिक्सची कल्पना मांडली आणि चरबी घटवायची तर पळा, घाम गाळा, हे समीकरण पक्कं झालं. आपल्या तालमीतले जोर-बैठका पैलवानांपुरते उरले. बाकीच्यांनी टेकडी धरली, नाहीतर पोटाला घाम आणणारे पट्टे बांधले. पट्ट्यांनी पाणी जातं, चरबी जात नाही, आणि पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी उतरते असंही होत नाही. टेकडीचा फायदा हृदयाला, साखरेला, झोपेला निश्चित आहे, तो सोडू नका. पण ८० किलोंच्या माणसाने तासात पाच किलोमीटर चाललं तर जादा खर्च होतात जेमतेम २०० कॅलरी. एक वडापाव याहून जास्त आहे. शिवाय २०१२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाद्झा लोकांचा ऊर्जाखर्च मोजला. दिवसभर कंदमुळं आणि शिकारीमागे फिरणाऱ्या त्या माणसांचा खर्च, शरीराचा आकार लक्षात घेतला तर, बैठ्या अमेरिकनांइतकाच निघाला. शरीर कुठेतरी काटकसर करून ताळेबंद जुळवतं. तुम्ही सकाळी टेकडी चढून आलात की दिवसभरात नकळत कमी हलता, तीही या काटकसरीचीच एक तऱ्हा. यातून व्यायाम निरुपयोगी ठरत नाही, त्याचं काम वेगळं आहे हे कळतं. वजन मुख्यतः ताटात उतरतं. उतरताना काय जाणार आणि उतरल्यावर ते तिथे टिकणार का, हे व्यायाम ठरवतो.

आता आपल्या घरची गोष्ट, आणि माझ्या मते ती या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा आणि उंचीपट्टी दोघांना सारखंच मोजत होती. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक यांच्या गटाने नवजात बाळं मोजली, तेव्हा सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. पण आपल्या बाळांची कमतरता होती ती स्नायूंत आणि अवयवांत. चरबी बऱ्यापैकी राखलेली होती. आपण जन्मतःच स्नायूंच्या बाबतीत कमी भांडवलावर सुरुवात करतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात, म्हणून हे भांडवल कमी असलं की मधुमेह लवकर गाठतो. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात, ते यामुळेच. तुमचा बीएमआय २८.७ आहे. ज्याच्याकडे स्नायू आधीच बेताचा आहे त्याने तो घालवून वजन उतरवणं हा मला सगळ्यात महागडा सौदा वाटतो, आणि माझ्या क्षेत्रात बराच काळ तो यश म्हणून दाखवला गेला, "आधी-नंतर"च्या फोटोंसकट.

स्नायू राखायला दोन गोष्टी लागतात, पुरेसं प्रोटीन आणि वजनाविरुद्ध व्यायाम. कॅनडात २०१६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी खायला देऊन चार आठवडे कसून व्यायाम करवला. किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि स्नायूंचं वस्तुमान सव्वा किलोच्या आसपास वाढलं. निम्मं प्रोटीन घेणाऱ्यांची साडेतीन किलो चरबी गेली, पण त्यांचंही स्नायू-वस्तुमान टिकून राहिलं. इतकं प्रोटीन तुम्हाला लागणार नाही. मला त्यातून घ्यायचंय ते एवढंच की खर्चापेक्षा कमी खात असतानाही स्नायू राखता येतो.

तर तुमचं ताट पाहू. तुम्ही कळवलंय: सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, वाटीभर वरण, भात, रात्री जवळपास तेच. तीन पोळ्यांत दहा ग्रॅम प्रोटीन, पातळ वरणात चार-पाच, भातात तीन, भाजीत दोन. एका जेवणात वीसच्या आत. पोहे आणि चहा धरून दिवसाचं ४५ ते ५० होतं. दोन वेळा जेवत होतात तेव्हा तर चाळीस ग्रॅमच्या खालीच असणार. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची २०२०ची शिफारस निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. चरबी घटवत असताना मी ती साधारण दीडपटीवर नेते, तुमच्यासाठी दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारं माप, वाढलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शंभर ग्रॅमसाठी वेगळा स्वयंपाक नको. सकाळी तीन अंडी आणि एक पोळी. दुपारी दोन पोळ्या, मटकीची नाहीतर हरभऱ्याची मोठी वाटी उसळ, दही. पाच वाजता पाण्यातला व्हे प्रोटीनचा (दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरीचा) एक स्कूप, किंवा नको असेल तर मूठभर फुटाणे आणि दूध, त्यात दहा-बारा ग्रॅम कमी मिळतील. रात्री एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, घट्ट वरण, आणि १०० ग्रॅम पनीर किंवा ४० ग्रॅम कोरड्या सोया चंक्सची भाजी. शेंगदाण्यांना प्रोटीन म्हणून मोजू नका, त्यांतल्या बहुतेक कॅलरी तेलाच्या असतात. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी मनापासून खायची असेल तर खा, पण त्या दिवशी दूध, दही, पनीर जोडा, कारण साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य असतं.

एकूण कॅलरी साधारण १,८०० ठेवा. तुमचा खर्च २,२००-२,३०० असावा. ताट तोलत बसण्याआधी तेलाचा डबा पाहा. नवा पाच लिटरचा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख घाला. चौघांत तो महिनाभर पुरला, तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पोटात जातंय, म्हणजे साधारण ३४० कॅलरी. तोच खर्च तीन लिटरवर आणला की माणशी रोज १३५ कॅलरी वाचतात. वरचं २४ कॅलरींचं गणित लावा: बाकी काही बदललं नाही, तर शेवटी पाच किलोंहून जास्त फरक एवढ्यातच आहे. आणि त्यासाठी कुणाला फोडणी सोडावी लागत नाही, ओतणं चमच्यावर आणावं लागतं. पाकीटबंद खाण्यावरही इथेच नजर टाका. केविन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचा आहार हवा तेवढा दिला. अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि तरी त्यांना तो आहार दुसऱ्यापेक्षा जास्त आवडला असंही नव्हतं.

व्यायामात तुमचा ट्रेनर बरोबर आहे. आठवड्यातून तीन दिवस, ४५ मिनिटं: एक बैठकेचा प्रकार, एक कमरेतून वाकून वजन उचलण्याचा, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा. बैठक खुर्चीपासून सुरू करा. गुडघ्याएवढ्या उंचीची साधी खुर्ची घ्या, पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, हात न टेकता उठा आणि तीन मोजत सावकाश बसा, धपकन नाही. टाच उचलली जात असेल किंवा गुडघे आत वळत असतील तर खुर्चीवर एक उशी ठेवून उंची वाढवा. दहा-दहाचे तीन सेट नीट जमले की छातीशी ८ किलोंचा डंबेल धरा, बारा सफाईने झाले की १० किलो. वाढवत जाणं हाच या व्यायामाचा जीव आहे. वर्षभर तेच गुलाबी डंबेल उचलणारी माणसं मी पाहते आणि वाईट वाटतं, कारण वेळ तर ती देतच असतात. सेटच्या शेवटी आणखी दोन-तीनच निघाले असते, इतकं जड हवं. उड्या मारत, धापा टाकत करायचे इंटरव्हल व्यायाम सध्या नकोत. बेचाळिशीत, ८१ किलोंवर, न सरावलेले गुडघे ते झेलत नाहीत आणि मग तीन महिने सगळंच बंद पडतं. बाकीच्या दिवशी चाला, दिवसाची पावलं आज आहेत त्यापेक्षा दोन-तीन हजारांनी वाढवा.

बारा आठवड्यांत चार-पाच किलो उतरले तर उत्तम. मग थांबा. चार ते सहा आठवडे वजन आहे तिथेच राखायचं, भात-पोळी थोडी वाढवायची, उचलायची वजनं कमी करायची नाहीत. मग पुढचे बारा आठवडे. हा मधला थांबा लोकांना वेळ वाया घालवल्यासारखा वाटतो, पण राखणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याचा सराव वजन उतरल्यानंतर पहिल्यांदा करायला गेलं की जमत नाही. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही चालू आहे. त्यातले बहुतेक लोक दिवसाला सरासरी तासभर तरी अंग हलवतात, आहाराचे मार्ग मात्र त्यांचे वेगवेगळे आहेत.

इंजेक्शनबद्दल. माउंजारो आणि वेगोवी ही भूक कमी करून वजन उतरवणारी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. औषध घेणं म्हणजे हार मानणं, असं मी कुणालाही म्हणू देत नाही. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, इतकं आहाराच्या तक्त्याने सहसा उतरत नाही. तरी दोन गोष्टी लक्षात घ्या. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. आणि उतरलेल्या वजनात चरबी नसलेला भाग एक तृतीयांशाहून जास्त होता. तो सगळाच स्नायू नसतो, पण आपल्यासारख्या शरीराला तेवढाही परवडत नाही. भूक मेली की पहिल्यांदा ताटातून डाळ, अंडी, उसळ जाते आणि चहा-बिस्किट राहतं, हे मी समोर पाहते आहे. तुमची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) मधुमेहात असेल, यकृतावर चरबी असेल किंवा सहा महिने नीट करूनही कंबर हलली नाही, तर मधुमेहतज्ज्ञांकडे जाऊन हा विषय जरूर काढा. घेतलंत तरी शंभर ग्रॅम प्रोटीन आणि तीन दिवसांची वजनं तशीच राहतील, उलट तेव्हा त्यांची गरज जास्त.

दोन वेळा जेवणं तुम्हाला सोपं जात असेल, तर तेही चालेल. मग प्रत्येक ताटात ४५-५० ग्रॅम प्रोटीन बसवावं लागेल, जे शाकाहारात जड जातं, म्हणून तुम्हाला मी तीन जेवणं आणि पाच वाजताचं खाणं सुचवलं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या कुणीही हे वाचून जेवणाच्या वेळा परस्पर कमी करू नयेत. साखर एकदम खाली जाऊ शकते, गोळ्यांचा डोस आधी बदलून घ्यावा लागतो.

उद्या सकाळी काही न खाता, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावून कंबर मोजा. पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर आहे, बायकांसाठी ८०. वजन आठवड्याच्या सरासरीने लिहा, कंबर दर दोन आठवड्यांनी, आणि वहीच्या तिसऱ्या रकान्यात त्या दिवशी किती किलोंची बैठक काढलीत ते. कंबर उतरतेय आणि बैठकेचं वजन वाढतंय किंवा टिकतंय, तोवर काटा दोन-तीन आठवडे अडला तरी काही बदलू नका. काटा उतरतोय पण बैठकेचं वजनही उतरतंय, असं दिसलं तर जेवण दीड-दोनशे कॅलरींनी वाढवा, प्रोटीन पुन्हा मोजा, झोप किती होते ते पाहा. बारा आठवड्यांनी ते तिन्ही रकाने आणि नवी एचबीए१सी कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.